चोवीसचा पाना

पंपघरात त्याला सगळे आमेन मिस्त्री म्हणत. नाव ठेवलं होतं त्याच्या मेव्हण्याने आणि ते चिकटलं. रोज संध्याकाळी काम आटोपलं की मिस्त्री आपली हत्यारांची गुंडाळी जमिनीवर पसरायचा. जाड कापडाची, बायकोने शिवलेली, सत्तावीस खणांची. एकेक हत्यार पुसायचं, आपापल्या खणात सरकवायचं आणि वर हात ठेवून म्हणायचं, "दिलंस, आभार. परत आलं, आभार." असं सत्तावीस वेळा. शेवटी आमेन. मग गुंडाळीची नाडी बांधून घरी. सकाळी आल्यावर पुन्हा गुंडाळी उघडून प्रत्येकाला तेलाचं बोट.

ही सवय आईची. आई लोकांचे कपडे धुवायची. वाळलेल्या कपड्यांची घडी घालताना प्रत्येक कपड्याचे आभार मानायची, की हा शाबूत आला, याचा डाग निघाला, याच्यामुळे आज चूल पेटली. वीस वर्षांत तिच्याकडून कोणाचा रुमालसुद्धा हरवला नाही. तिचा नियम सोपा होता. ज्याचे आभार मानायचे ते हातात धरायचं, त्याच्याकडे बघायचं, मग देवाचं नाव घ्यायचं. "न बघता मानलेले आभार देवबापालाही कळत नाहीत," असं ती म्हणायची. "त्यालाही वाटतं, हा नक्की कशाबद्दल बोलतोय?"

मिस्त्री तसाच झाला. नट जागेवर बरोबर बसला तरी त्याला पोटभर जेवल्यासारखं वाटायचं, आणि ते तो बोलूनही दाखवायचा. लोक हसायचे. पण तेहतीस वर्षांत त्याच्या हातून गेलेलं काम पुन्हा उघडावं लागलं नव्हतं, त्यामुळे हसणारे मर्यादेत हसायचे. निवृत्तीला आता दोन महिने राहिले होते.

गावाला पाणी जायचं ते दोन पंपांवर. दोन नंबर बारा दिवस दुरुस्तीला उघडलेला होता. ते बारा दिवस सगळा भार एक नंबरने एकट्याने ओढला, रात्रंदिवस, आणि आता त्याचं बेअरिंग तापायला लागलं होतं. दोन नंबर काल संध्याकाळी मिस्त्रीने झाकण लावून बंद करून दिला. आज सकाळी नऊला तो सुरू व्हायचा होता, म्हणजे एक नंबरला विश्रांती मिळाली असती.

सव्वाआठला मिस्त्रीने गुंडाळी उघडली. तेलाचं बोट फिरवत एकोणिसाव्या खणापर्यंत आला आणि बोट नुसतंच कापडावर टेकलं.

खण सपाट होता. चोवीसचा पाना नव्हता.

त्याने गुंडाळी उचलून झटकली. बाकड्याखाली पाहिलं. साखळीच्या कप्पीचा डबा उघडून पाहिला. तेलाच्या पिंपामागे हात घातला. मग बाकड्यावर बसला आणि काल आठवायला लागला.

काल शेवटचं काम पंपाच्या पोटात होतं. तळाशी दोन नट, दोन्ही चोवीसचे. ते आवळले, तेवढ्यात वरून इंजिनिअर मॅडमनी हाक मारली आणि तो उठला. उठताना पाना कुठे ठेवला? हातात होता, हे आठवत होतं. मॅडमशी बोलताना हात मोकळे होते, हेही आठवत होतं. मधलं काही आठवत नव्हतं. परत येऊन त्याने अर्ध्या टनाचं झाकण कप्पीने खाली घेतलं आणि बत्तीस नटांनी बंद केलं. ते नट मोठे, त्यांचा पाना वेगळा. चोवीसची पुन्हा गरजच पडली नाही.

आणि मग प्रार्थना. घरी चर्चच्या मंडळीतली चार माणसं यायची होती, उशीर झाला होता. त्याने डोळे मिटले होते. जीभ पुढे धावत होती आणि हात मागून येत होता. सत्तावीस वेळा आभार म्हटलं, हे नक्की, कारण आकडा पुरा झाल्यावरच आमेन बाहेर पडतं. म्हणजे जो पाना नव्हता, त्याचेही आभार त्याने मानले होते. परत आला म्हणून.

त्याने घरी फोन लावला.

"अगं, काल माझ्या पिशवीतून काही पडलं का घरात?"

"काय पडलं?" बायकोने विचारलं.

"पाना. चोवीसचा."

पलीकडे ती चालत असल्याचा आवाज आला. पलंग सरकवल्याचा, दाराचा. ती उगाच "बघितलं, नाही" म्हणणारी नव्हती. चार मिनिटांनी ती म्हणाली, "घरात नाही. बाहेरच्या नळाखाली पण नाही. काय झालंय?"

"काल न बघता मोजलं."

त्या घरात ही छोटी गोष्ट नव्हती, हे तिला कळत होतं.

"मग आता बघून सांगा," ती म्हणाली. "ज्याला सांगायचं त्याला."

मेव्हणा एक नंबरपाशी उभा होता. तो पंपाचा ऑपरेटर, बायकोचा धाकटा भाऊ. चर्चमध्ये लग्नाला आणि मयताला दिसायचा, एरवी नाही. दोन्ही पंपांच्या मधोमध त्याची लोखंडी खुर्ची असायची. तो बेअरिंगवर तळहात ठेवून पुटपुटत आकडे मोजत होता. पंपघरातलं हे जुनं माप. बेअरिंगवर पंजा ठेवायचा आणि किती आकड्यांपर्यंत सहन होतं ते पाहायचं. दहा म्हणजे ठीक. पाच म्हणजे काळजी. एकला पंजा उचलावा लागला तर पंप थांबवायचा, नाहीतर तो आपला आपण थांबतो आणि मग महिनाभर उठत नाही.

"नऊ," मेव्हणा म्हणाला. "दाजी, तुमचा चेहरा असा का? पाळकांनी काढून टाकलं की काय मंडळीतून?"

मिस्त्रीने सांगितलं. मेव्हण्याने हात पुसले, दाराकडे पाहिलं.

"कोणाला बोललात?"

"तुझ्या बहिणीला. आता तुला."

"मग इथेच थांबा. काल चाक हाताने फिरवून पाहिलंत ना? मोकळं फिरलं ना? झालं तर मग. दोन महिने राहिलेत तुमचे. तेहतीस वर्षांत तुमच्या नावावर एक शेरा नाही. शेवटच्या घासाला खडा कशाला?"

"तू कुठे बसतोस?"

"हे काय विचारणं झालं? खुर्चीवर."

"खुर्ची कुठे आहे?"

मेव्हण्याने खुर्चीकडे पाहिलं. मग दोन नंबरच्या पोटाकडे. मधलं अंतर दोन हात होतं.

"आज उभा राहतो की," तो म्हणाला.

"तुझ्या बहिणीला काय सांगू? उभा होता म्हणून?"

मेव्हणा हसला नाही.

मॅडम साडेआठला आल्या. वयाने मिस्त्रीच्या मुलीएवढ्या, पण कामाला कडक. त्यांच्या हातात पाण्याचा व्हॉल्व्ह उघडायची किल्ली होती.

"मॅडम, दोन नंबर सुरू करू नका," मिस्त्री म्हणाला. "माझा एक पाना सापडत नाही. पोटात राहिला असेल."

"असेल, की आहे?"

"माहीत नाही."

"काल चाक मी स्वतः फिरवलं, मिस्त्री. अडकलं नाही."

"पाना चाकात नसेल. तळाला असेल, पाणी आत शिरतं त्या तोंडाशी. आत्ता गप पडून असेल. पाण्याचा जोर आला की उचलला जाईल, चाकात जाईल. मिनिटाला दीड हजार फेरे आहेत. बिडाचं पोट आहे, फुटलं तर तुकडे उडतात."

मॅडमनी किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "एक नंबरची अवस्था तुम्हाला माहीत आहे. बाळंतिणींच्या दवाखान्यातून कालपासून दोनदा फोन आलाय, त्यांची टाकी अर्धीच भरते. किती वेळ लागेल?"

"उघडायला दीड तास. बंद करायला दीड."

"आणि झाकणाखालचं पॅकिंग? एकदा उघडलं की ते वाया जातं. नवीन कापायला..."

"मी नेहमी दोन कापतो."

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. एवढा नीटनेटका माणूस असं कसं करू शकतो, असं त्यांना वाटत असावं. त्यालाही तेच वाटत होतं.

"वहीत काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"खरं ते लिहा. मिस्त्रीने हत्यारं न बघता मोजली."

आठ चाळीसला त्याने पहिल्या नटाला पाना लावला.

काल ज्या हातांनी आवळलं, त्याच हातांनी सोडवायचं होतं, आणि त्याने आवळलेलं सहज सुटत नसे. प्रत्येक नटाला पूर्ण अंगाचा भार लागत होता. नट काढून तो फरशीवर ओळीत ठेवत होता. एक. दोन. तीन. आभाराचा शब्दही येत नव्हता. नेहमी हात चालायला लागले की मनात आपोआप सुरू व्हायचं, आज आतून काहीच आलं नाही. त्याला भीती वाटली ती याची जास्त. इतकी वर्षं जे आत चालत होतं ते देवाशी बोलणं होतं की नुसता घरघराट, एक नंबरसारखा?

"सात," मेव्हण्याने हाक दिली.

आठवा नट ठेवताना मिस्त्री थांबला. तो नट त्याने तळहातावर घेतला आणि पाहिला. आटे शाबूत होते. तेहतीस वर्षांत असे हजारो नट हातातून गेले असतील, पाहिले किती? त्याला आईचा घडी घालणारा हात आठवला.

"हा सुटला," तो हळूच म्हणाला. "आभार."

त्यात आनंद नव्हता. अंधारात भिंत धरून चालावं तसं होतं. पण शब्द आणि हात एका जागी होते. नववा नट. "हा सुटला, आभार." दहावा.

पंधरावा सुटेना. त्याने भार टाकला, पाना घसरला, बोटांची सालं निघाली. त्याने रॉकेल सोडलं, हातोडीने चारी बाजूंनी ठोकलं, पुन्हा जोर लावला. नट जागचा हलला नाही.

"सहा," मेव्हणा म्हणाला. आणि लगेच, "दाजी, सहा म्हणजे मी दात खाऊन सहा. तुमच्या हाताला साताचं वाटेल."

"दात न खाता मोज."

"मग पाच."

मॅडम फोनवर कोणाला तरी सांगत होत्या, "हो, उशीर होईल. नाही, कारण नंतर सांगते." मिस्त्रीने पान्याच्या दांड्यात दोन हात लांबीचा पाइप घातला, भिंतीला पाय लावला आणि श्वास धरून ओढलं. मान फुगली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. कर्र असा आवाज आला आणि नट फिरला. हे आभार त्याला मानावे लागले नाहीत, ते हुंदक्यासारखे बाहेर पडले.

दहा वाजून पाच मिनिटांनी बत्तीस नट ओळीत होते. कप्पीची साखळी खळखळली, झाकण वीतभर उचललं, मग हातभर. त्याने ते बाजूला घेतलं आणि टॉर्च मारली.

वर काही नव्हतं. चाक स्वच्छ.

त्याने बाही वर सारून हात खाली घातला, खांद्यापर्यंत, पाणी शिरायच्या तोंडात. बोटं थंड बिडावरून फिरली. काही नाही. पण या पंपाला अशी तोंडं दोन, दोन्ही बाजूंना. दुसरं भिंतीच्या अंगाला. तिथे पोचायला फरशीवर आडवं होऊन गाल पंपाला लावावा लागतो. तो आडवा झाला. टॉर्च दातात धरली. हात घातला, एकेक इंच चाचपला. मग पुन्हा एकदा, घाई न करता.

काही नाही.

"आहे का?" मॅडमनी विचारलं.

"नाही," तो पडल्यापडल्या म्हणाला. "रिकामं आहे."

एक नंबर घरघरत होता. मिस्त्रीला शरम वाटली, चांगली भरपूर. गावाला तहानलेलं ठेवलं, तेहतीस वर्षांवर शेरा ओढवून घेतला आणि पोट रिकामं. ती शरम अंगभर फिरली आणि तिच्या मागून दुसरंच काही वर आलं. रिकामं आहे. मेव्हण्याच्या खुर्चीशेजारचं ते पोट रिकामं आहे. आपण चुकलो, आणि कोणाला काही होणार नाही. बिडाला गाल लावून तो हसायला लागला, आवाज न करता. त्याचे खांदे हलत होते.

"मॅडम, दाजींना भोवळ आली," मेव्हणा म्हणाला.

"नाही आली," मिस्त्री उठला. गालावर ग्रीसचा पट्टा होता. "रिकामं आहे रे. बघून सांगतो, रिकामं आहे. देवा, आभार."

"आभार नंतर. चार झालेत."

मग त्याने जे काम केलं ते मेव्हणा पुढे कित्येक दिवस सांगत होता. जादाचं पॅकिंग बसवलं. झाकण खाली घेतलं. आतल्या प्रत्येक हत्याराचा हिशेब मॅडमसमोर मोठ्याने दिला, मगच झाकण टेकवलं. बत्तीस नट. एक इकडचा, एक समोरचा, ओळीने नाही, नाहीतर झाकण तिरकं बसतं. घाई होती, तरी एकही टप्पा गाळला नाही.

"तीन."

बारावा नट. विसावा.

"दोन, दाजी."

पंचविसाव्या नटाच्या वेळी मेव्हण्याने बेअरिंगवर पंजा ठेवला आणि झटकन उचलला. त्याने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान हलवली. अकरा वाजून दहा मिनिटांनी एक नंबर थांबला, आणि पंपघरात बारा दिवसांत पहिल्यांदा शांतता झाली. ती शांतता वाईट होती. पाचेक मिनिटांत फोन वाजायला लागले. मॅडमनी पहिला उचलला, दुसरा उचलला, मग फोन पालथा ठेवला.

मिस्त्रीने मान वर केली नाही. सव्वीस. सत्तावीस. बोटांची सालं निघाली होती तिथून पान्यावर रक्त लागत होतं. बत्तीस.

चाक हाताने फिरवलं. मोकळं. पाणी भरलं. मॅडमनी बटण दाबायच्या आधी मेव्हण्याची खुर्ची स्वतः उचलून दारापाशी नेली.

"आता कशाला?" मेव्हणा म्हणाला. "रिकामं आहे ना?"

"सवय म्हणून," मॅडम म्हणाल्या.

पंप फिरला. मिस्त्रीने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पोटाला लावलं, मूठ कानाला लावली आणि ऐकत राहिला. आत पाणी होतं, नुसतं पाणी. अकरा चाळीसला गावाकडच्या पाइपात दाब चढला.

मॅडम म्हणाल्या, "मिस्त्री, मला वर कळवावं लागेल. अर्धा तास गाव बंद होतं."

"कळवा."

"शेरा येईल."

"यायलाच हवा," तो म्हणाला. "चूक झालीच आहे. पाना कुठेही असो."

पाना तिसऱ्या दिवशी सापडला. झाडणाऱ्या बाईंनी केबलच्या चरावरची पत्र्याची झाकणं उचलली, तेव्हा पंपापासून चार पावलांवर चरात पडलेला. मिस्त्री मॅडमच्या हाकेला उठला तेव्हा त्याने तो पत्र्यावर ठेवला असणार आणि पत्र्यांच्या फटीतून तो खाली गेला असणार. बाईंनी तो आणून बाकड्यावर ठेवला.

मेव्हण्याला आयतं मिळालं. "एवढं गाव कोरडं पाडलंत, आणि हा इथे आरामात झोपलेला. दाजी, तुमच्या देवाला सांगायला काय झालं होतं, की चरात बघ म्हणून?"

"सांगत असेल. मी डोळे मिटून होतो."

त्या संध्याकाळी घरी त्याने पाना टेबलावर ठेवला, शेजारी शेऱ्याचा कागद. बायकोने आधी कागद वाचला, मग पाना हातात घेऊन वजन पाहिलं.

"एवढ्यासाठी," ती म्हणाली.

"सगळं फुकट गेलं म्हणतायत लोक. बत्तीस नट उघडून आत काही नाही. आणि खरं सांगू? मला तिथे इतका आनंद झाला की कधी झाला नव्हता. रिकामं बघून. डोकं फिरलंय का माझं?"

"आपल्या लोकांना ते नवीन नाही," ती सोललेल्या बोटांना मलम लावत म्हणाली. "कबरीत बघायला गेले आणि जागा रिकामी निघाली, तिथूनच तर आपलं सगळं सुरू झालं. बोट सरळ धरा."

त्याने बोट सरळ धरलं.

उरलेले दोन महिने त्याच्या प्रार्थनेला पाऊण तास लागायला लागला. डोळे उघडे. एक हत्यार उचलायचा, पुसायचा, उजेडाकडे धरून बघायचा. त्या हत्याराने आज काय केलं ते आठवायचा, मग आभार मानायचा. हातोडीने अडकलेला नट हलवला. चिमट्याने काटा काढला, मेव्हण्याच्या पायातला. एखाद्या हत्याराला त्या दिवशी काहीच काम पडलं नसेल तर ते पडलं नाही याचेही आभार. असा एकेक दिवस त्याच्या हातात पुन्हा यायचा आणि मग खणात जायचा. शेऱ्याचा कागद त्याने घडी करून एकोणिसाव्या खणात ठेवला होता, पान्याच्या मागे.

मेव्हण्याकडे मोटारसायकल होती आणि दोघं एकाच वाटेने घरी जायचे, त्यामुळे त्याला थांबावं लागायचं. तो आधी दारात उभा राहायचा. मग चुळबुळत आत यायचा. मग कंटाळून एकेक हत्यार उचलून द्यायला लागला, तेवढंच लवकर व्हावं म्हणून.

"बावीसचा," तो म्हणायचा. "धरा. बघा. झालं बघून?"

"झालं."

"चोवीसचा. हा घ्या तुमचा लाडका. नीट बघा, नाहीतर उद्या पुन्हा माझी खुर्ची दारात."

मिस्त्री नीट बघायचा. मेव्हण्याकडेही. दोन हातांच्या अंतरावर, धडधाकट, कुरकुरत. त्याचेही आभार तो मनात मानायचा, पण ते सत्ताविसात धरायचा नाही.

सत्तावीस झाले की नाडी बांधायची. आणि मिस्त्रीने तोंड उघडायच्या आधीच आमेन मेव्हणा म्हणायचा. त्याला घरी जायची घाई असायची.